मी हो म्हटल्यावर बोट वळली

आगाशी,
१३ जानेवारी २०२५

प्रिय ग्रेसी आत्या,

पप्पांनी मठात फोन करून निरोप ठेवलाच असेल, त्यामुळे बातमी तुला शिळी असणार. पण पप्पांना कुठलीही गोष्ट तीन वाक्यांत उरकायची सवय आहे, म्हणून मी रीतसर लिहिते. माझं लग्न ठरलं. नंदाखालच्या स्टॅनीशी. पंधरा फेब्रुवारी, शनिवार. त्याची सुट्टी महिनाअखेर संपते आणि लगेच उपवासकाळ लागतो, म्हणून घाई.

ठरलं ते समुद्रात. हसू नकोस. स्टॅनीला गळ टाकून मासे धरायचा नाद आहे. दोह्याला नोकरीवर असताना सुट्टीच्या दिवशी तो तेच करतो. या वेळी त्यानं अर्नाळ्याच्या आत्माराम तांडेलांची बोट दिवसभरासाठी घेतली. आख्खी बोट, जाळी घरी ठेवून, फक्त आमच्यासाठी. तो, त्याची बहीण सँड्रा, विरारचा मित्र वेदांत आणि मी. "तू येच," सँड्रा म्हणाली, "चार वेळा भेटलात तुम्ही, आणि चारही वेळा मधे तुझी आई आणि केकची बशी."

तुला माहीत आहे, आपण वाडीची माणसं. समुद्र सायकलच्या अंतरावर, पण पाय भिजवण्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. उजाडता निघालो. अर्नाळ्याचा किल्ला मागे पडला, मग किनाऱ्यावरचे ताड दिसेनासे झाले, मग किनाराच. साडेदहाला नांगर टाकला आणि बोट जागच्या जागी डुलायला लागली. मला बोट लागली, आत्या. दुपारपर्यंत पोटात काही उरलं नव्हतं. स्टॅनीला म्हटलं, परत जाऊ या का? तो म्हणाला, "आत्ता? आत्ता तर रावस यायला लागलेत!" पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं रॉड वेदांतच्या हातात दिला, माझ्यासमोर गुडघा टेकला आणि म्हणाला, "एका अटीवर. हो म्हण. हो म्हटलंस की बोट वळवतो." वेदांतनं मोबाइल वर धरला. सँड्रा ओरडली, "म्हण गं वैनी, बघतेस काय!" पुढच्या बाजूला दोन खलाशी दोर ओढत होते, तेही मान वळवून बघायला लागले. मी हो म्हटलं. टाळ्या पडल्या, आणि बोट खरंच वळली.

किनारा दिसायच्या आधी मोबाइलला रेंज आली आणि बातमी आमच्या पुढे घरी पोचली. धक्क्याला लागलो तेव्हा पप्पा ओंजळीत वाडीतला सोनचाफा घेऊन उभे होते. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला सँड्रा तो व्हिडिओ दाखवते. त्यात माझा चेहरा नीट दिसत नाही, पण हो ऐकू येतं.

मी आनंदात आहे.

एक विचारायचं होतं. मी आजारी असताना तीन वर्षं तू मला घरीच शिकवायचीस, तेव्हाचा तुझा नियम आठवतो? जे करीन म्हणेन ते खडूनं स्वयंपाकघराच्या दारामागे लिहायचं, आणि केल्याशिवाय पुसायचं नाही. न करता पुसता येईल, असा एखादा प्रसंग त्या नियमात होता का? मला आठवत नाही. सहज विचारते.

तुझी,
डेल्फिन


मठ, पुणे
१९ जानेवारी २०२५

माझी डेल्फी,

आज मिस्सेच्या प्रार्थनेनंतर पत्रं वाटली आणि तुझं जाड पाकीट बघून माझ्या शेजारची म्हातारी सिस्टर म्हणाली, "तुमच्या वसईला शाई स्वस्त आहे का?" जेवणानंतर तुझी बोटीची गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो. मदर म्हणाल्या, संत पेत्राच्या होडीत पण असंच झालं होतं, घाबरला आणि मग विश्वास ठेवला.

तू मला विचारतेस दाराचा नियम. अगं, तू ना! पहिल्या कम्युनियनच्या दिवशी दात घासताना घोटभर पाणी पोटात गेलं म्हणून तू वेदीपाशी भाकर घ्यायला जायला तयार नव्हतीस. फादरांनी समजावलं, पाण्यानं उपास मोडत नाही. तरी दोन दिवस कुढत होतीस. आता नवरी झालीस तरी तेच. लग्नाआधी प्रत्येक मुलीच्या पोटात कालवतं. त्याला बोट लागणं म्हण हवं तर.

नियमात तसा प्रसंग नव्हता, आणि नाही. दिलेला शब्द हीच माणसाची पाटी. तू तो दिलास, चार माणसांदेखत दिलास. आता शांत मनानं पाळ. मुलगा हौशी दिसतो. हौशी माणूस घरात असला की घर हसतं.

मी तुझ्यासाठी रुमालावर भरतकाम करते आहे. सोनचाफाच काढीन म्हणते.

तुझ्या पप्पांना, एडवर्डला सांग, मांडवाची केळी आपल्याच वाडीतली हवीत.

प्रार्थनेत तुझी,
ग्रेसी आत्या


आगाशी,
२३ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. 'मी आनंदात आहे' हे. दुसरं, मी दोनदा विचारलं असं लिहिलं तेही खरं नाही. पाच वेळा विचारलं. तिसरं, मी लिहिलंच नाही की त्या आधीच्या रविवारी मी त्याच्या आईकडे ईस्टरपर्यंत विचार करायला वेळ मागितला होता. त्या म्हणाल्या होत्या, "घे की बाळा." सहा दिवसांनी बोट ठरली.

तू सगळ्यांना वाचून दाखवलंस. त्यात चूक तुझी नाही. मी लिहिलंच तसं होतं.

आता कसं झालं ते लिहिते. बोटीवर बसायला जागा म्हणजे बर्फाच्या पेटीचं झाकण. सावली केबिनपुरती, तिथे डिझेलचा वास. बायकांनी जायचं कुठे याची काही सोय नव्हती, म्हणून मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते, आणि वरून उलट्या. कुठल्याही बाजूला पाहिलं तरी पाणी सारखंच. घरात अंगावर आलं तर माणूस परसात जातो. बोटीला परस नसतं. मी सुकाणूजवळ उभ्या तांडेलांकडे पाहिलं. ते पश्चिमेला आकाशाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना ऐकायचंच नाही. बोट ज्यानं भाड्यानं घेतली त्याचाच शब्द चालणार.

स्टॅनी रागावला नव्हता. उलट दर वेळी लिंबू कापून आणून द्यायचा. "होईल सवय," म्हणायचा, आणि परत गळाकडे जायचा. सगळे हसत होते. तेच कुणाला सांगता येत नाही. कुणी हात पिरगाळला असता तर सांगितलं असतं. हसणाऱ्या माणसांची भीती वाटली, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मी त्याला हो म्हटलं नाही, आत्या. मी किनाऱ्याला हो म्हटलं.

पण शब्द तोच आहे ना? व्हिडिओत 'किनाऱ्याला' असं ऐकू येत नाही.

या रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर आमची नावं पहिल्यांदा वाचतील. मग दोन आणि नऊ फेब्रुवारीला. 'या विवाहाला कुणाला काही अडथळा ठाऊक असेल, तर त्याने धर्मगुरूंना कळवावे.' लहानपणापासून ऐकते आहे. तूच शिकवलंस की ठाऊक असून न कळवणं हे पाप. मग मला जे ठाऊक आहे तो अडथळा आहे का? आणि नवरीनं कळवायचं असतं का? आजवर कुणी कळवल्याचं मी ऐकलं नाही. नवरीचं तर नाहीच.

तिसऱ्या रविवारच्या आत उत्तर दे. तू म्हणशील तसं करीन.

डेल्फिन


मठ, पुणे
२७ जानेवारी २०२५

कु. डेल्फिन हिस,

आपले सिस्टर ग्रेसी यांच्या नावचे पत्र आज मिळाले. कालपासून मठातील सिस्टर्स वार्षिक मौनात आहेत. ते ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी संपेल. तोवर पत्रे दिली जात नाहीत. काही तातडीचे (आजारपण, मृत्यू) असल्यास फोनवर कळवावे.

सिस्टर यमुना,
द्वारपाल


आगाशी,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

हे पत्रही बुधवारपर्यंत बंदच राहणार, तरी लिहिते. कुणाला तरी सांगायला हवं.

फोन हातात घेतला होता. आजारपण नाही, मृत्यू नाही. खाली ठेवला.

काल दुसऱ्यांदा नावं वाचली. वाचून झाल्यावर फादर ज्युड नेहमीसारखे थोडे थांबले. तेवढ्या वेळात आई माझ्याकडे बघून हसली आणि मागच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

त्याआधी, पंचवीस तारखेला, फादरांनी आम्हाला एकेकट्याला आत बोलावून विचारलं होतं. कागदावरचे प्रश्न असतात. 'हा विवाह तू स्वखुशीने करत आहेस का?' बाहेर बाकावर सँड्रा बसली होती, तिच्या मांडीवर माझी पर्स. मी हो म्हटलं. पेन उचललं आणि सही केली. हा दुसरा हो. पहिल्या होचं व्याज म्हण.

तिसराही आहे. शुक्रवारी स्टॅनी नालासोपाऱ्याला आमच्या लॅबवर न्यायला आला. मी राजीनाम्याचं अजून काही ठरवलं नाही म्हटलं, तर म्हणाला, "अगं, मी लिहून आणलाय." त्याच्या मोबाइलवर मजकूर तयार होता, मला फॉरवर्ड केला. "दाब ना, एक बटण तर आहे." तू मला ओळखतेस. रक्ताच्या बाटलीवरचं नाव मी तीनदा वाचल्याशिवाय पुढे सरकवत नाही. आणि हे मी न वाचता पाठवलं, कारण तो रिक्षावाल्याला थांबवून उभा होता आणि मागे हॉर्न वाजत होते.

तो वाईट नाही. हे मी त्याच्या बाजूनं शंभरदा लिहायला तयार आहे. काल त्यानं मला बोट लागू नये म्हणून गोळ्यांचं पाकीट दिलं, वर लाल रिबीन बांधून. "लग्नानंतर परत जाऊ. या वेळी दोन दिवस." सगळे हसले. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "मागच्या वेळी पण आधी नकोच म्हणाली होतीस."

माझ्या 'थांब'चा त्याला 'अजून आग्रह कर' असा अर्थ लागतो. चाळीस वर्षं मी त्याला काय काय म्हणेन आणि त्याला काय काय ऐकू येईल, हे मोजत बसते.

पप्पांनी मांडवासाठी केळीचे अकरा घड राखलेत. रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्यावर हात फिरवून येतात.

रविवार सहा दिवसांवर आला.

डेल्फिन


मठ, पुणे
६ फेब्रुवारी २०२५

डेल्फी,

काल संध्याकाळी मौन सुटलं आणि तुझी दोन्ही पत्रं एकदम हातात आली. मी ती चॅपेलमध्ये नेऊन वाचली. तुझी बोटीची गोष्ट मी ज्या टेबलाशी वाचून दाखवली होती, तिथे सकाळी न्याहारीला बसवेना.

हे पत्र तुला रविवारच्या आत मिळेल की नाही, माहीत नाही. मदरांकडे फोनची परवानगी मागितली. त्या लगेच हो म्हणाल्या. घरी लावला तर एडवर्डनं उचलला. "नवरी मापं द्यायला गेलीय," म्हणाला. त्याचा आवाज इतका खूश होता की मी 'तिला माझा निरोप दे' एवढंच म्हणून ठेवला. मलाही जमलं नाही बघ. तुला कुठल्या तोंडानं बोलू?

तू विचारलंस, नियमात तसा प्रसंग होता का. होता. मी तुला शिकवला नाही, कारण त्यात चूक माझी होती.

मी मठात यायला निघाले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. रिक्षा दारात उभी होती. तू माझ्या साडीचा पदर मुठीत धरलास आणि सोडेनास. सगळे बघत होते. मी म्हटलं, "रडणार नाही म्हण, मग जवळ घेते." तू लगेच म्हटलंस. मी जवळ घेतलं. मग तू आत गेलीस, आणि मी रिक्षात बसेपर्यंत दारामागे खडूनं ते लिहून आलीस. हात पांढरे होते तुझे. रिक्षा वळेपर्यंत तू रडली नाहीस, आणि मला अभिमान वाटला, की बघा, मी कशी मुलगी घडवली.

जवळ तर मी तुला घेणारच होते, डेल्फी. जे तुझंच होतं, त्याच्यासाठी मी तुझ्याकडून शब्द काढून घेतला. आठ वर्षांच्या पोरीला मी दुसरी वाटच ठेवली नव्हती.

ज्याला बाहेर पडायला जागा नाही, त्याच्याकडून घेतलेला शब्द हा शब्द नसतो. घेणाऱ्याचं ते पाप असतं. फादरना सांग. नवरीनंच सांगायचं असतं. तिच्याइतकं ठाऊक कुणाला असणार?

रुमालावरचा सोनचाफा मी उसवला आहे. कापड चांगलं आहे, तुझ्या डब्याला होईल.

ग्रेसी आत्या


आगाशी,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज, सोमवारी दुपारी आलं. म्हणजे जे झालं ते तुला विचारल्याशिवाय झालं. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. क्रमानं सांगते.

शुक्रवारी दुपारी आत्माराम तांडेल घरी आले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला हातभर रावस. अर्नाळ्याच्या बाजारात लोक त्यांना चिडवायला लागलेत म्हणे, तांडेल मध्यस्थ झाला म्हणून. लग्नाचा आहेर समजा, म्हणाले. आई आत चहा ठेवायला गेली. ओट्यावर आम्ही दोघंच. मी विचारलं, "काका, त्या दिवशी मी हो म्हटलं नसतं, तर तुम्ही बोट कधी वळवली असती?"

"म्हंजे?"

"स्टॅनी म्हणाला होता ना, हो म्हटलंस की वळवतो."

"त्यो कोन वळवनार?" ते हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. "पोरी, दर्यात भाडं देनाऱ्याचं काय चालतंय? चालतं ते वाऱ्याचं, मंग तांडेलाचं. वारा फिरला व्हता, पानी काळं पडाय लागलं व्हतं. मी त्याला आदीच बोल्लो, गळ गुंडाळा, निघायचं. पोरं नांगर वढत व्हती नं, तू बघितलं नाय?"

बघितलं होतं, आत्या. तुला लिहिलंसुद्धा होतं, दोन खलाशी दोर ओढत होते म्हणून. मला वाटलं, मोठा मासा लागलाय.

"त्याला माहीत होतं?"

"त्याला सांगूनच तर नांगराला हात घातला." मग बराच वेळ ते रावसाच्या पानाची दोरी सोडत आणि बांधत बसले. "मला वाटलं पोरापोरींची मस्करी चाल्लीय. तू वकत व्हतीस, मी बगत व्हतो. बोट माझी व्हती. मीच बोलाया पायजे व्हतं." चहा न घेताच गेले.

मी स्टॅनीला फोन केला. त्याला आधी आठवेचना. मग म्हणाला, "अगं हो, निघायचंच होतं. म्हटलं, मोका चांगलाय. सगळ्यांना माहीत होतं."

"मला नव्हतं."

"मग काय बिघडलं? शेवटी हो म्हणालीसच ना?"

मी म्हटलं, "स्टॅनी, मला हे लग्न करायचं नाही." तो हसला. म्हणाला, दमली आहेस, उद्या बोलू. बघ, तेव्हाही.

म्हणून शनिवारी सकाळी मी एकटी फादर ज्युडांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो कागद काढला, माझ्या सहीचा. "तेव्हा विचारलं होतं मी तुला."

"तेव्हाही हो म्हटलं, फादर. बाहेर सँड्रा बसली होती."

ते उठले, दार उघडून बाहेर डोकावले आणि दार तसंच उघडं ठेवून परत येऊन बसले. "आता बाहेर कुणी नाही. परत विचारतो. स्वखुशीनं?"

"नाही."

किती छोटा शब्द आहे. मी तो महिनाभर शोधत होते.

काल तिसऱ्या रविवारी फादरांनी दुसऱ्या दोन जोडप्यांची नावं वाचली आणि कागद घडी करून ठेवला. आख्खं देऊळ आमच्या बाकाकडे वळलं. आई रुमालात तोंड घालून बसली. मागच्या बाईंनी या वेळी थोपटलं नाही. स्टॅनीची आई संध्याकाळी येऊन गेली. काय काय बोलली ते लिहीत नाही, त्यातलं निम्मं खरं आहे. ईस्टरपर्यंत वेळ 'घे की बाळा' म्हणणारी तीच होती, हे मी तिला सांगितलं नाही. लॅबमध्ये माझी जागा एका मुलीला दिली आहे. तिचं काम बघितलं, लेबलं नीट वाचते.

पप्पा शनिवारपासून माझ्याशी बोलले नाहीत. काल पाच घड उतरवून शेजारी वाटून टाकले.

आज तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून मागे बघितलं. आत्या, ती ओळ अजून आहे. माझ्या कमरेच्या उंचीवर, वेड्यावाकड्या अक्षरात, 'रडणार नाही'. पप्पांनी इतक्या वर्षांत दाराला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तेवढी पट्टी सोडून. मला कधी दिसलंच नाही. त्या दाराला नेहमी पिशव्या अडकवलेल्या असतात.

मी हातानं पुसायला गेले. निघेना. नखानं खरवडायला लागले तेव्हा मागे पप्पा उभे होते. किती वेळ, देव जाणे. त्यांनी मोरीवरचं फडकं पिळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खरवडू नको. लाकूड जाईल."

दोन दिवसांतलं ते पहिलं वाक्य. मग काय झालं ते तुला कळलंच असेल. मी तिथेच दाराशी खाली बसले, आणि सोळा वर्षांचं रडू एकदम आलं. पप्पांना काय करावं कळेना, ते माझ्याशेजारी फरशीवर बसून राहिले, गुडघे दुखत असूनही.

नंतर ओळ पुसली. न करताच.

तुझी,
डेल्फिन